पेटीतले दप्तर : संगणकाच्या हिशेबाची परीक्षा कोठे आणि कशी घ्यावी

वसंत सरत आला की आपल्या भागात दोन गोष्टी हटकून सुरू होतात. ऊन कलल्यावर व्याख्याने सुरू होतात आणि घरोघर पेरणीच्या बियाण्याची चिंता सुरू होते. लोहारा आज यवतमाळ शहराला लागून आहे, औद्योगिक वसाहत येथे उभी आहे, तरी पुष्कळ घरांचा एक पाय अद्याप शेतातच आहे. म्हणून आजचा विषय संगणकाचा असला, तरी आरंभ सोयाबीनच्या दाण्यापासून करावा असे आम्हांस वाटते.

घरचे सोयाबीन पेरावयाचे असेल तर शहाणा शेतकरी प्रथम त्याची उगवणशक्ती पाहतो. पोत्यातून निवड न करता शंभर दाणे काढतो, ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींनी मांडतो, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवतो, त्याची ओल राखतो आणि आठवड्याच्या आत मोड आलेले दाणे मोजतो. शंभरांत सत्तर किंवा अधिक उगवले तर बियाणे चालेल. कमी उगवले तर एकरी बियाण्याचे प्रमाण वाढवावे लागेल, किंवा दुसरे बियाणे पाहावे लागेल.

या साध्या रीतीत चार गोष्टी आहेत. दाणे त्याच पोत्यातले असतात, शेजाऱ्याच्या पोत्यातले नव्हेत. परीक्षेने पोत्याला काही इजा होत नाही. परीक्षा झाली की ते शंभर दाणे टाकून देता येतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, हे सारे पेरणीपूर्वी होते. संगणकाच्या कारभाराची परीक्षा घेणाऱ्यांना नेमक्या याच चार गोष्टी हव्या असतात, आणि पुष्कळ वर्षे त्या एकत्र मिळत नव्हत्या. त्या कशा मिळू लागल्या, एवढेच आज सांगावयाचे आहे.

हा प्रश्न आपला कसा?

हा विषय पुण्या-मुंबईच्या अभियंत्यांचा आहे, आपला नव्हे, असे कोणी म्हणेल. त्यासाठी आपल्या राज्यातील दोन प्रसंग आठवावेत.

जून २०१७ मध्ये राज्य शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. दीड लाख रुपयांपर्यंतचे थकीत कर्ज माफ व्हावयाचे होते. अर्ज संगणकावरून भरून घेण्यात आले. १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, ऐन दिवाळीत, काही शेतकऱ्यांना प्रमाणपत्रेही देण्यात आली. आणि मग याद्या अडल्या. बँकांकडील माहिती व अर्जांतील माहिती यांचा मेळ बसेना. एकाच आधार क्रमांकापुढे अनेकांची नावे आढळल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या. ज्या जिल्ह्याचे नाव शेतकऱ्याच्या कर्जाच्या संदर्भात देशभर दुःखाने घेतले जाते, त्या आपल्या जिल्ह्यात ‘यादीत नाव आहे की नाही’ या प्रश्नाचे वजन निराळे सांगावयास नको.

दुसरा प्रसंग पुढल्याच कर्जमाफीचा. महात्मा जोतिराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर झाली. तिची पहिली यादी २४ फेब्रुवारी २०२० रोजी निघाली, ती संपूर्ण राज्याची नव्हती. प्रत्येक जिल्ह्यातील दोन गावे घेतली होती. एकूण ६८ गावे आणि १५,३५८ शेतकऱ्यांची नावे. सारे यंत्र या लहान यादीवर चालवून पाहिल्यानंतर काही दिवसांनी मोठी यादी आली. ही गोणपाटावरच्या शंभर दाण्यांचीच रीत होय.

पहिल्या प्रसंगी दोष कोणाचा होता हे ठरविण्याचे हे ठिकाण नव्हे, आणि ज्या उपायाचे वर्णन आम्ही करणार आहोत तो योजला असता तर सर्व काही सुरळीत झाले असते असाही आमचा दावा नाही. एवढेच म्हणावयाचे आहे की, यंत्राच्या हातून नावे लिहिली जाऊ लागली की त्या यंत्राची परीक्षा हा सार्वजनिक हिताचा प्रश्न होतो.

दप्तर आणि त्याचा कारकून

संगणकाच्या कारभारात दोन पात्रे असतात. एक कारकून व दुसरे दप्तर. कारकून म्हणजे सॉफ्टवेअर. आपण बटण दाबले की हिशेब करणारा, अर्ज घेणारा, यादी काढणारा. दप्तर म्हणजे डेटाबेस; सर्व नोंदी जेथे रकान्यारकान्यांनी लिहून ठेवलेल्या असतात ते. नोंदी तक्त्यांत मांडाव्यात आणि तक्त्यांचे परस्परसंबंध नियमांनी बांधावेत ही कल्पना एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली आणि आजची बहुतेक मोठी दप्तरे तिच्यावर उभी आहेत. महाराष्ट्रालाही ही विद्या नवी नाही. डॉ. आनंद देशपांडे यांनी अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठात याच विषयात संशोधन केले आणि १९९० साली पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स ही कंपनी स्थापन केली.

हे दप्तर केवळ कागदांचा गठ्ठा नव्हे. ते स्वतःचे नियम पाळणारे दप्तर आहे. ‘या रकान्यात अंकच लिहावा’, ‘हा क्रमांक दुसऱ्या कोणाच्या नावापुढे नसावा’, ‘ज्याचे खाते नाही त्याच्या नावे कर्ज लिहू नये’ असे नियम त्याला घालून दिलेले असतात, आणि कारकुनाने ते मोडले तर दप्तर नोंद नाकारते. म्हणून कारकुनाची परीक्षा दप्तरावाचून पुरी होत नाही. कारकून एकटा बसून बिनचूक बोलतो हे पुरेसे नाही. त्याने लिहिलेले दप्तर स्वीकारते काय, हे पाहिले पाहिजे.

आता ही परीक्षा कोठे घ्यावी? पूर्वी तीन वाटा होत्या आणि तिन्ही अपुऱ्या होत्या.

पहिली वाट म्हणजे खऱ्या दप्तरातच परीक्षा घ्यावयाची. हे तर पेरणी झाल्यावर उगवणशक्ती पाहण्यासारखे झाले. परीक्षेतील एक चुकीची आज्ञा आणि खऱ्या माणसांच्या खऱ्या नोंदी गेल्या.

दुसरी वाट म्हणजे कचेरीत सर्वांसाठी मिळून एक चाचणीचे दप्तर ठेवावयाचे. हे बरे दिसते, पण थोड्याच दिवसांत त्याची दशा धर्मशाळेच्या खोलीसारखी होते. सकाळी एकाने शंभर खोटी खाती उघडली, दुपारी दुसऱ्याने त्यांतली चाळीस पुसली, सायंकाळी तिसऱ्याची परीक्षा नापास झाली. ती त्याच्या चुकीने की आधीच्यांच्या केरकचऱ्याने, हे कोणी सांगावे? शिवाय अशा दप्तरात भरण्यासाठी पुष्कळदा खऱ्या दप्तराची नक्कल उतरविली जाते आणि लोकांची नावे, खाती, क्रमांक नको त्या डोळ्यांपुढे जातात. २०२३ साली आपल्या देशात वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला आहे; तो नसता तरी हे अयोग्यच होते.

तिसरी वाट सर्वांत मोहक, म्हणून तिच्याकडे नीट पाहू.

तोतया दप्तर

खरे दप्तर जड असते, ते मांडण्यास वेळ लागतो. म्हणून परीक्षेपुरते एखादे हलके दप्तर घ्यावयाचे, ही ती वाट. एसक्यूलाइट नावाचे एक उत्तम लहान दप्तर रिचर्ड हिप यांनी २००० साली प्रसिद्ध केले. आपल्या खिशातील दूरध्वनीतही ते असते, आणि त्याच्या जागी ते फार चांगले काम करते. परंतु पोस्टग्रेस किंवा ओरॅकल या मोठ्या दप्तरांच्या जागी त्याला परीक्षेपुरते बसविले की घोटाळा होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या सहकारी सोसायटीच्या सभासदांचे पहिले नाव लिहिण्यासाठी २० जागांचा रकाना ठेवला आहे. आता ‘२०’ म्हणजे २० काय? संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते अक्षर असो, मात्रा असो की हलन्त असो, आज रूढ असलेल्या लेखनपद्धतीत तीन बाइट जागा घेते. रोमन अक्षराला एकच बाइट पुरतो. ‘विठ्ठल’ या नावात सहा चिन्हे आहेत, म्हणजे १८ बाइट. ‘ज्ञानेश्वर’ या नावात दहा चिन्हे, म्हणजे ३० बाइट. पोस्टग्रेस २० म्हणजे २० चिन्हे समजते. तेथे दोघेही सुखाने बसतात. ओरॅकलमध्ये, निराळे सांगितले नसेल तर, २० म्हणजे २० बाइट. तेथे विठ्ठल आत जातो आणि ज्ञानेश्वर दाराबाहेर राहतो. आणि एसक्यूलाइट तो आकडा मनावरच घेत नाही. तेथे वाटेल तेवढे लांब नाव चालते.

आता परीक्षा एसक्यूलाइटवर घेतली आणि कारभार ओरॅकलवर चालला, तर काय होईल? परीक्षेत सर्व सभासद उत्तीर्ण होतील. प्रत्यक्ष दिवशी विठ्ठलरावांचे नाव यादीत येईल आणि ज्ञानेश्वररावांचे येणार नाही. ते चौकशीस गेले की खिडकीवरचा मनुष्य म्हणेल, ‘संगणक घेत नाही.’ संगणक का घेत नाही हे त्यालाही ठाऊक नसते. ज्ञानेश्वररावांचा अपराध एवढाच की त्यांचे नाव मराठीत लिहिले होते. तेच रोमन लिपीत लिहिले असते तर अकरा बाइटांत बसले असते.

असे आणखीही आहे. निराळी ताकीद दिली नसेल तर एसक्यूलाइट अंकांच्या रकान्यात ‘दीड लाख’ हे शब्दही मुकाट्याने ठेवून घेते. पोस्टग्रेस ते तत्काळ परत करते. ज्याचे खाते नाही त्याच्या नावे कर्ज लिहू नये, हा तक्त्यांमधील संबंधाचा नियम एसक्यूलाइट आपण मुद्दाम चालू केल्याखेरीज पाळत नाही. म्हणजे कडक शिक्षकाच्या परीक्षेची तयारी आपण मवाळ शिक्षकापुढे करतो आणि उत्तीर्ण झालो म्हणून पेढे वाटतो. दोष मवाळ शिक्षकाचा नव्हे. त्याला त्या खुर्चीवर बसविणाऱ्याचा आहे.

पेटी कोठून आली?

तेव्हा हवे होते ते असे : दप्तर खरेच हवे, पण क्षणात मांडता येणारे, कोणाचे उष्टे नसलेले, आणि काम होताच मोडून टाकता येणारे. हे ज्या युक्तीने साधले तिला कंटेनर म्हणतात. आम्ही तिला पेटी म्हणू.

हे नाव मालवाहतुकीतून आले आहे. यवतमाळहून मूर्तिजापुरास जाणारी शकुंतला गाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या शब्दाचे मर्म लवकर कळेल. ती गाडी आता बंद आहे. तिचे रूळ अडीच फुटांचे, आणि मूर्तिजापुरास भेटणाऱ्या मोठ्या रेल्वेचे साडेपाच फुटांचे. यवतमाळच्या कापसाच्या गाठी मूर्तिजापुरास आल्या की एका डब्यातून उतरवून दुसऱ्या डब्यात चढवाव्या लागत, कारण एका रुळाचा डबा दुसऱ्या रुळावर चालत नाही. जगातील प्रत्येक बंदरात हाच प्रकार होता. माल्कम मॅकलीन या अमेरिकन वाहतूकदाराने २६ एप्रिल १९५६ रोजी नेवार्कहून ह्यूस्टनला एक जहाज धाडले आणि त्यावर एका मापाच्या ५८ पेट्या ठेवल्या. मालाला हात न लावता सबंध पेटीच मालमोटारीवरून जहाजावर व जहाजावरून मालमोटारीवर जाऊ लागली. पेटीत काय आहे याच्याशी यारीला कर्तव्य नाही, आणि खालचे वाहन कोणते याच्याशी पेटीला कर्तव्य नाही.

संगणकातही हीच अडचण होती. एका यंत्रावर नीट चालणारा कार्यक्रम दुसऱ्या यंत्रावर नेला की त्याचे काही ना काही सामान मागे राही. यावर उपाय म्हणून कार्यक्रम व त्याला लागणारे सर्व सामान एका पेटीत बांधण्याची रीत निघाली. तिची पूर्वतयारी लिनक्स या प्रणालीत आधीपासून होत होती. कार्यक्रमाला आपल्याभोवती भिंती आहेत असे भासवावयाचे, आणि त्याने किती स्मरणजागा व किती शक्ती वापरावी याची मर्यादा घालावयाची, या सोयी तीत येत गेल्या. मर्यादेची सोय २००८ साली आली. मार्च २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी डॉकर हे साधन लोकांपुढे मांडले आणि पेटी सर्वांच्या हाती आली.

पेटी म्हणजे संगणकाच्या आत दुसरा सबंध संगणक नव्हे. ती एकाच वाड्यातील कुलूपबंद खोली आहे. वाड्याचा पाया सर्वांचा एक, पण एका खोलीतून दुसरीत डोकावता येत नाही. नवा वाडा बांधावयाचा नसतो, म्हणून ती काही सेकंदांत उभी राहते. पेटीचा एक नमुना असतो, तो कधी बदलत नाही. त्यावरून हव्या तितक्या पेट्या निघतात. पेटीत जे लिहिले जाते ते नमुन्यावर अंथरलेल्या एका पातळ थरावर लिहिले जाते. पेटी मोडली की तो थर जातो. नमुना कोरा तो कोराच.

परीक्षेचा एक दिवस

आता परीक्षा कशी चालते ते पाहा. प्रथम पोस्टग्रेसची पेटी मागविली जाते. येथे पहिली दक्षता अशी की, प्रत्यक्ष कारभारात ज्या आवृत्तीचे दप्तर आहे त्याच आवृत्तीची पेटी मागवावी. ‘सर्वांत नवी असेल ती द्या’ असे म्हणणे म्हणजे शेजाऱ्याच्या पोत्यातले दाणे घेणे होय.

पेटी उभी राहिली तरी दप्तर लगेच उघडत नाही. कचेरीचे दार उघडले म्हणून कारकून जागेवर बसला असे होत नाही, तसेच हे. पोस्टग्रेसची रूढ पेटी प्रथमच उघडताना तर एकदा तात्पुरती सुरू होते, आतली मांडामांड करते, थांबते आणि मग पुन्हा सुरू होते. ‘तयार आहे’ असे ती दोनदा सांगते. पहिल्याच हाकेला धावणारे फसतात. आम्हीही फसलो आहो.

दप्तर खरोखर तयार झाले की त्यात कोरे तक्ते आखले जातात, चार-दोन बनावट सभासद लिहिले जातात आणि परीक्षा सुरू होते. नवे कर्ज लिहून पाहावयाचे. तोच क्रमांक दुसऱ्यांदा दिला तर दप्तर नाकारते की नाही ते पाहावयाचे. यादी काढून ज्ञानेश्वरराव तीत आहेत की नाहीत ते पाहावयाचे. एका प्रश्नाचा केर दुसऱ्यास लागू नये म्हणून प्रत्येक प्रश्नानंतर लिहिलेले सारे परत फिरविले जाते. सर्व संपले की पेटीच मोडून टाकली जाते. दोन अभियंते एकाच वेळी परीक्षा घेत असतील तर दोघांच्या पेट्या निराळ्या आणि दारेही निराळी, म्हणून टक्कर होत नाही. ही उठाठेव आपोआप व्हावी यासाठी २०१५ च्या सुमारास टेस्टकंटेनर्स नावाचे साधन रिचर्ड नॉर्थ यांनी सुरू केले. परीक्षा मध्येच बंद पडली तर मागे राहिलेल्या पेट्या शोधून मोडणारी एक सफाईची पेटीही त्यात असते.

या रीतीला खर्च आहे. तोतया दप्तर क्षणार्धात उघडते; पेटीला काही सेकंद लागतात. नमुना प्रथम उतरवून घेताना काही शे मेगाबाइट जाळ्यावरून यावे लागतात. पण तो एकदा आला की यंत्रावर राहतो. पुढे जाळे तुटले तरी अडत नाही. काही सेकंद वाचविण्यासाठी ज्ञानेश्वररावांना दाराबाहेर ठेवणे हा व्यवहार आम्हांस महाग वाटतो.

पेटीला काय दिसत नाही?

गोणपाटावर मोड आला म्हणजे शेतात पीक आलेच असे नव्हे. पाऊस ओढ देतो, जमीन धरून ठेवते, कीड पडते. पेटीचेही तसेच आहे. पेटीत आपण जी नावे घालू तीच असतात. परीक्षकाने ‘पाटील’ आणि ‘जाधव’ एवढीच नावे घातली तर पेटी निमूटपणे उत्तीर्ण म्हणून सांगेल. खऱ्या दप्तरात ‘कऱ्हाडे’ असतात. या नावातील ‘ऱ’ संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो : एकाच चिन्हाने, किंवा ‘र’ लिहून त्याखाली टिंब देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. दोन्ही रूपे आधी एक करून घेतली नाहीत तर दप्तराला मात्र ती दोन माणसे वाटतात. बँकेने एका प्रकारे लिहिले आणि सोसायटीने दुसऱ्या, की मेळ बसत नाही. हे ज्याला ठाऊक आहे तोच ते नाव पेटीत घालील. चांगली परीक्षा पेटीने होत नाही, प्रश्न काढणाऱ्याने होते. पेटी फक्त उत्तर खरे मिळेल एवढी हमी देते.

शिवाय दहा नोंदींवर चालणारा कारकून दहा लाख नोंदींवर दमतो, हेही लहान पेटीत दिसत नाही. म्हणून पेटीतील परीक्षेनंतरही प्रत्येक जिल्ह्यातील दोन गावांसारखी प्रत्यक्ष पाहणी लागतेच. पेटी ही तिच्या आधीची पायरी आहे, तिच्या बदली आलेली नव्हे.

आपल्यांपैकी कोणी पतसंस्थेचे संचालक आहेत, कोणी सोसायटीचे पंच, कोणी शाळेच्या समितीवर आहेत. उद्या एखादा विक्रेता नवे सॉफ्टवेअर घेऊन येईल आणि ‘पूर्ण तपासलेले आहे’ असे सांगेल. तेव्हा त्याला तीन प्रश्न विचारावेत. ज्या दप्तरावर आमचा कारभार चालणार, त्याच दप्तरावर आणि त्याच आवृत्तीवर तपासले काय? तपासताना आमच्या सभासदांच्या खऱ्या नोंदी वापरल्या नाहीत ना? आणि परीक्षेत मराठी नावे होती काय? या प्रश्नांना संगणकाचे शिक्षण लागत नाही. पोत्यातले दाणे कोणत्या पोत्यातले, हे विचारण्यास जेवढे शहाणपण लागते तेवढेच पुरे, आणि ते आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या आहे.

मृगाला अद्याप अवकाश आहे. गोणपाट ओले करण्याची वेळ हीच आहे.